व्हेअरमध्ये 'थकबाकी' लिहिली की म्हणतो, असा कॉलमच नाही!

मानद_खजिनदार | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी संगणकवाला नाही. आयुष्य हिशेबाच्या खात्यात गेलं. निवृत्तीनंतर सोसायटीच्या सभेला चहा प्यायला म्हणून गेलो तो खजिनदार होऊन परतलो. आधीचा सगळा कारभार वह्यांत होता. भाच्यानं लॅपटॉपवर मायएसक्यूएल (माहिती टेबलांत ठेवायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं, तीन टेबलं मांडून दिली, चार क्वेऱ्या (त्याला विचारायचे प्रश्न) शिकवल्या आणि तो बंगळुरूला निघून गेला.

टेबलं अशी. सभासद: क्र, सदनिका, नाव. देयके: सभासद, महिना, रक्कम. जमा: सभासद, तारीख, रक्कम. १८० सदनिका आणि तळमजल्यावर काही गाळे. वहीतली मागची बाकी देयकेमध्येच एकेक ओळ करून चढवली आहे.

प्रत्येकाची थकबाकी काढायची क्वेरी खाली देतोय. इथली लिहायची चौकट रोमन कोड गिळून टाकते म्हणून सगळं देवनागरीत लिहिलंय, गोड मानून घ्या. भाच्यानं शिकवलं ते असं: सिलेक्ट म्हणजे काय दाखवायचं, फ्रॉम म्हणजे कुठल्या टेबलातून, व्हेअर म्हणजे कुठल्या अटीवर, सम म्हणजे बेरीज, ॲज म्हणजे द्यायचं नाव.

सिलेक्ट स.सदनिका, स.नाव,
 (सिलेक्ट सम(द.रक्कम) फ्रॉम देयके द व्हेअर द.सभासद = स.क्र)
 - (सिलेक्ट सम(ज.रक्कम) फ्रॉम जमा ज व्हेअर ज.सभासद = स.क्र) ॲज थकबाकी
फ्रॉम सभासद स
व्हेअर थकबाकी > ५०००;

शेवटची ओळ काढली तर छान चालते, थकबाकी नावाचा कॉलम समोर दिसतो. ती ओळ घातली की १०५४ नंबरची एरर: व्हेअर क्लॉजमधला 'थकबाकी' हा कॉलम ओळखीचा नाही. अरे बाबा, आत्ता तर तूच दाखवलास! वार्षिक सभा दोन आठवड्यांवर आली आहे आणि पाच हजारांवर थकलेल्यांची यादी फलकावर लावायची आहे. पेन्सिल घेऊन खुणा करत बसू का?

लिंबूटिंबू | सोमवार, रात्री १०:३१

मीही शिकतेय, मलाही हीच एरर येते. वाचत राहते.
एक शंका: ज्यानं आजपर्यंत एकही पावती फाडली नाही, त्याची दुसरी सबक्वेरी (कंसातली जमावरची आतली क्वेरी) काय देईल?

चकलीचा_काटा | सोमवार, रात्री १०:४०

खजिनदार काका, थकबाकीदारांना थकबाकी ओळखीची नसतेच. तुमचं सॉफ्टवेअर अगदी सभासदांसारखं वागतंय.

कोकणकडा | सोमवार, रात्री ११:०५

काका, चूक तुमची नाही, पण सॉफ्टवेअरचीही नाही. क्वेरी आपण लिहितो सिलेक्टपासून, पण तिचा अर्थ लावला जातो फ्रॉमपासून. आधी फ्रॉम, मग व्हेअर, मग ग्रुप बाय (गट पाडणं), मग हॅविंग (गट चाळणं), त्यानंतर सिलेक्ट आणि सर्वांत शेवटी ऑर्डर बाय (क्रम लावणं). तुम्ही 'ॲज थकबाकी' हे नाव ठेवलंत सिलेक्टमध्ये. व्हेअरची पाळी येते तेव्हा ते बाळ जन्मालाच आलेलं नसतं. बारसं व्हायच्या आधी नावानं हाक मारली तर ओ कोण देणार?

पडताळा हवा असेल तर व्हेअरच्या जागी 'ऑर्डर बाय थकबाकी' लिहून बघा. मुकाट चालेल, कारण तोवर बारसं झालेलं असतं.

उपाय: अख्खी क्वेरी कंसात घाला, त्या कंसाला एक टेबल समजा आणि बाहेरून गाळा.

सिलेक्ट * फ्रॉम (
 ...तुमची आधीची क्वेरी, शेवटची व्हेअर ओळ वगळून...
) ॲज यादी
व्हेअर थकबाकी > ५०००
ऑर्डर बाय थकबाकी डेस्क;

कंसानंतरचं 'ॲज यादी' विसरू नका. मायएसक्यूएलमध्ये कंसातल्या टेबलाला नाव दिलं नाही तर १२४८ नंबरची वेगळी एरर अंगावर येईल. पोस्टग्रेसनं (हे असंच दुसरं सॉफ्टवेअर) २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीत ही सक्ती काढली.

अर्धाकप | सोमवार, रात्री ११:२०

एवढं कशाला? व्हेअर खोडा, हॅविंग लिहा. 'हॅविंग थकबाकी > ५०००'. मायएसक्यूएलमध्ये ग्रुप बाय नसतानाही चालतं. काम झालं, झोपा.

कोकणकडा | सोमवार, रात्री ११:३२

@अर्धाकप चालतं, पण ते मायएसक्यूएलचे लाड आहेत. हीच ओळ पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हरवर नेलीत तर लाल अक्षरं दिसतील. हॅविंग हे गट पाडल्यानंतर गटांना चाळण्यासाठी आहे, ओळींना नाही. माणसानं पहिल्यांदा शिकताना तरी सरळ शिकावं.

अर्धाकप | सोमवार, रात्री ११:३६

काका लॅपटॉपवर सोसायटीचा हिशेब ठेवताहेत, क्षेपणास्त्र सोडत नाहीयेत. उद्या ते ओरॅकलवर जाणार आहेत का?

चकलीचा_काटा | सोमवार, रात्री ११:३८

ओरॅकलचा परवाना घेतला तर थकबाकीच्या यादीत पहिलं नाव सोसायटीचं लागेल.

शेवंती | मंगळवार, सकाळी ७:५०

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. हॅविंगमध्ये एलियस (ॲजनं दिलेलं नाव) चालणं ही मायएसक्यूएलनं जाहीरपणे लिहून ठेवलेली सवलत आहे, पळवाट नव्हे. एसक्यूलाइट तर व्हेअरमध्येसुद्धा एलियस चालवून घेतं, त्यामुळे मोबाइल ॲपवाली मुलं तिथे शिकतात आणि नोकरीत पोस्टग्रेस समोर आलं की गांगरतात. ओरॅकलनंही २३एआयमध्ये ग्रुप बाय आणि हॅविंगला एलियस मान्य केला. व्हेअरला मात्र अजून नाही.

तिसराही एक रस्ता आहे, कुणी सांगितला नाही म्हणून सांगते: अख्खं गणित व्हेअरमध्ये पुन्हा लिहायचं. सिलेक्टमध्ये एकदा, व्हेअरमध्ये एकदा. हा सगळीकडे चालतो आणि सगळ्यांत वाईट आहे. सहा महिन्यांनी कुणीतरी वरच्या गणितात 'व्याज वगळून' अशी दुरुस्ती करतं, खालचं तसंच राहतं. मग यादीत एकच रक्कम दोन हिशेबांनी फिरते आणि भांडणं होतात.

आणखी एक सापळा सांगून ठेवते, यात एररसुद्धा येत नाही. समजा भाच्यानं सभासद टेबलात आधीपासूनच 'थकबाकी' नावाचा जुना कॉलम ठेवला असता, गेल्या वर्षीचे आकडे असलेला. तर तुमची पहिली क्वेरी बिनबोभाट चालली असती! दाखवताना नवी थकबाकी, गाळताना जुनी. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून काढलेल्या कॉलमला टेबलात नसलेलंच नाव द्यावं. तुमची एरर आली हे तुमचं नशीब समजा.

पानगळ | मंगळवार, सकाळी ९:१५

मी मराठीची शिक्षिका, इथे चुकून आले; पण कोकणकडांचा क्रम वाचून गंमत वाटली. आपण मराठीत काय म्हणतो? 'सभासदांमधून, ज्यांची थकबाकी पाच हजारांवर आहे, त्यांची नावं सांग.' फ्रॉम, व्हेअर, सिलेक्ट! क्रियापद शेवटी. म्हणजे यंत्र आतल्या आत आपल्याच क्रमानं विचार करतं आणि लिहायला लावतं इंग्रजी क्रमानं.

आणि ती आतली सबक्वेरी, जी प्रत्येक सभासदासाठी पुन्हा बाहेर डोकावते, ती तर आपली जो-तो वाक्यरचना. 'ज्या सभासदाचा क्रमांक हा, त्याच्या जमा रकमांची बेरीज.' 'ज्या' काढून घेतला तर 'त्या'ला काही अर्थच राहत नाही.

कोकणकडा | मंगळवार, सकाळी ९:४०

पानगळ ताई, वीस वर्षं हे काम करतोय, हे कधी सुचलं नव्हतं. त्या आतल्या सबक्वेरीला कोरिलेटेड म्हणतात. उद्यापासून मी नवीन पोरांना जो-तो सबक्वेरीच सांगणार.

तुमचा इंग्रजीबद्दलचा अंदाजही खरा आहे. १९७४ मध्ये आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा मांडली तेव्हा तिचं नावच सीक्वेल होतं, त्यातल्या पहिल्या ई चा अर्थ इंग्लिश. इंग्रजी वाचणाऱ्याला ओळखीची वाटावी हाच हेतू होता. पुढे ते नाव एका विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या ट्रेडमार्कशी भिडलं म्हणून स्वर गळले आणि एसक्यूएल उरलं.

टोरांटोकर | मंगळवार, संध्याकाळी ६:०२

इकडे आत्ता सकाळ, कॉफी घेत वाचतोय. पानगळ ताईंच्या मुद्द्यात भर: हा उलटा क्रम आता बऱ्याच जणांना खुपतो. सी शार्प या भाषेत २००७ मध्ये लिंक (भाषेतच क्वेरी लिहायची सोय) आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं फ्रॉम पहिला घेतला. २०२४ मध्ये गूगलच्या लोकांनी पाइप सिंटॅक्सवर शोधनिबंध लिहिला. त्यात फ्रॉमपासून सुरुवात आणि पुढे एकाखाली एक पायऱ्या. गूगलच्याच बिगक्वेरीत ते चालतं. त्यात आधी 'एक्स्टेंड' म्हणून नवा कॉलम जोडायचा, खालच्या पायरीवर व्हेअरनं गाळायचा. कंसांची गरज नाही, कारण बारसं आधी आणि हाक नंतर.

आमच्याकडे कामाला एसक्यूएल सर्व्हर आहे. तिथे आम्ही हा प्रश्न क्रॉस अप्लायनं सोडवतो, २००५ च्या आवृत्तीपासून आहे ते. गणित फ्रॉममध्येच करून टाकायचं:

फ्रॉम सभासद स
क्रॉस अप्लाय (सिलेक्ट सम(ज.रक्कम) ॲज भरले फ्रॉम जमा ज व्हेअर ज.सभासद = स.क्र) ॲज प

आता प.भरले व्हेअरमध्येही चालतं, सिलेक्टमध्येही, कारण ते फ्रॉममध्येच जन्मलंय. पोस्टग्रेसमध्ये याचाच भाऊ लॅटरल, ९.३ आवृत्तीपासून. मायएसक्यूएलमध्ये तो ८.०.१४ ला आला. काकांच्या लॅपटॉपवर नवं असेल तर तिथेही चालेल.

 

मानद_खजिनदार | मंगळवार, रात्री ८:३०

सर्वांचे मनापासून आभार. कोकणकडांनी सांगितलं तसं कंसात घातलं. 'ॲज यादी' विसरलोच, १२४८ आली, मग हसू आलं. आता यादी आली: २३ सभासद, यादीत सर्वांत वर असलेल्या सदनिकेची थकबाकी ८६,४००. सौ.ला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, 'त्यांच्याकडे परवाच नवी गाडी आली.'

बारशाचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं. पानगळ ताईंचंही. क्रॉस अप्लाय डोक्यावरून गेलं.

एकच विचारतो: प्रत्येक सभासदासाठी दोन सबक्वेऱ्या पुन्हा पुन्हा चालतात, तर दहा वर्षांनी हे लॅपटॉप दमेल का? भाच्यानं म्हटलं होतं की जॉइन वापर, ते वेगवान असतं.

शेवंती | मंगळवार, रात्री ९:४५

काका, १८० सभासद, दहा वर्षं, महिन्याला एक देयक, म्हणजे २१,६०० ओळी. लॅपटॉपला जांभईसुद्धा येणार नाही. पण भाच्याच्या सल्ल्यातल्या खड्ड्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिथे मी स्वतः पडले आहे.

सरळ जॉइन म्हणजे सभासदाला देयके जोडायची, जमाही जोडायची, ग्रुप बाय करायचं आणि दोन बेरजांची वजाबाकी. वाटतं सोपं. आता एक सभासद घ्या. वर्षाची १२ देयकं, प्रत्येकी ३,०००. एकूण ३६,०००. त्यानं तिमाही चार पावत्यांत ९,००० प्रमाणे पूर्ण ३६,००० भरले. बाकी शून्य. बरोबर?

जॉइन केल्यावर प्रत्येक देयक प्रत्येक पावतीशी जोडलं जातं. १२ गुणिले ४, ४८ ओळी. देयकांची बेरीज १,४४,०००. पावत्यांची बेरीज ४८ गुणिले ९,०००, म्हणजे ४,३२,०००. वजाबाकी उणे २,८८,०००. ज्यानं चोख पैसे भरले त्याला सोसायटीच पावणेतीन लाखांच्या वर देणं लागते!

म्हणून जॉइन करायचंच तर आधी दोन्हीकडे वेगवेगळा ग्रुप बाय करून प्रत्येक सभासदाची एकच ओळ करायची आणि मग जोडायचं. तुमच्या सबक्वेऱ्यांत हा घोळ मुळात होतच नाही, कारण प्रत्येक बेरीज आपापल्या कोठडीत होते. तुमची क्वेरी दिसायला साधी आहे, पण या बाबतीत शहाणी आहे.

वेगाबद्दल: एका औषध वितरकाकडे असताना अशीच क्वेरी होती. ६,००० ग्राहक, ४० लाख व्यवहार, आणि व्यवहारांच्या टेबलात ग्राहक क्रमांकावर इंडेक्सच (पुस्तकामागे असते तशी शोधसूची) नाही. म्हणजे प्रत्येक ग्राहकासाठी अख्खं टेबल वरून खाली चाळायचं: २,४०० कोटी ओळी वाचणं. रिपोर्ट लावून लोक जेवायला जायचे आणि जेवून आले तरी तो चालूच. सगळे सबक्वेरीला शिव्या देत होते. मी ग्राहक आणि तारीख असा जोड इंडेक्स घातला, क्वेरीचं अक्षरही बदललं नाही, रिपोर्ट काही सेकंदांवर आला. तर काका, देयके आणि जमा या दोन्हींत 'सभासद' कॉलमवर इंडेक्स आहे ना एवढं भाच्याला विचारा.

आणि @कोकणकडा, @अर्धाकप: कंस काय, हॅविंग काय, मोजून काढलेल्या रकमेवर गाळताना दोन्हीकडे आधी सगळ्यांची थकबाकी मोजावीच लागते. 'थकबाकी' वर इंडेक्स नाही, कारण ती कुठे साठवलेलीच नाही. वेगासाठी भांडायचं असेल तर तिथे काही हाती लागणार नाही.

अर्धाकप | मंगळवार, रात्री ९:५८

मी वेगासाठी भांडत नव्हतो, झोपेसाठी भांडत होतो.

निळासावळा | मंगळवार, रात्री १०:२०

कंसात कंस वाचताना माझा जीव जातो. मी नेहमी विथ लिहितो.

विथ यादी ॲज ( ...आतली क्वेरी... )
सिलेक्ट * फ्रॉम यादी व्हेअर थकबाकी > ५०००;

काम तेच, पण वरून खाली वाचता येतं. मायएसक्यूएलला २०१८ च्या ८.० पासून आहे. 'सिलेक्ट व्हर्जन()' टाकून बघा. ५.७ निघालं तर कंसच.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी: बाराव्या आवृत्तीच्या आधी विथ म्हणजे मधली भिंत असायची. आतलं सगळं आधी मोजून ठेवायचं, बाहेरची अट आत पोचायचीच नाही. त्यामुळे जुन्या सिस्टिमवर कुणी विथ बदलून कंस केले आणि रिपोर्ट वेगवान झाला असं सांगितलं तर ती थाप नसते.

चकलीचा_काटा | मंगळवार, रात्री १०:४४

काकांनी कोड देवनागरीत लिहिलाय तो मला इतका आवडलाय की विचारतो: टेबलांची नावं खरोखर मराठीत ठेवता येतात का?

निळासावळा | मंगळवार, रात्री १०:५१

येतात की. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघंही घेतात, अवतरणचिन्हंही लागत नाहीत. फक्त पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट, आणि देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट खातं. म्हणजे २१ चिन्हं, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजून. त्यापुढे शेपूट छाटलं जातं. मायएसक्यूएल ६४ अक्षरं मोजतं, बाइट नाही, तिथे निवांत.

चकलीचा_काटा | मंगळवार, रात्री १०:५५

'सर्व_सभासदांची_मागील_थकबाकी' छाटल्यावर काय उरेल? 'सर्व_सभासदांची_मागील_थक'. म्हणजे बाकी माफ! काका, पोस्टग्रेसवर जाऊ नका.

पानगळ | बुधवार, सकाळी ८:०५

काना-मात्रा वेगळ्या मोजणारं यंत्र मला आमच्या जुन्या परीक्षकांची आठवण करून देतं.

(यापुढे आठ-दहा प्रतिसाद सोसायटीच्या सभेत समोसा द्यावा की बटाटेवडा यावर होते. ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – व्यवस्थापन)

मानद_खजिनदार | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१०

मंडळी, धागा वर काढतोय. आज वार्षिक सभा झाली. माझी फजिती सांगतो.

२३ जणांची यादी आठ दिवस फलकावर होती. सभेत ती वाचून दाखवली. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले. यादीत त्यांचं नाव ५,२०० रुपयांसाठी होतं. म्हणाले, 'माझे पाच हजार दिसले, तळमजल्याच्या त्या तीन गाळ्यांचे का नाही दिसले? त्यांनी गाळे घेतल्यापासून दमडी भरलेली नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.' सभेत हशा, आणि मागून कुणीतरी 'खजिनदारांचा वशिला' असंही म्हणालं. मी घामाघूम.

घरी येऊन गाळणी काढून पूर्ण यादी पाहिली. तिन्ही गाळे होते. थकबाकीच्या रकान्यात इंग्रजीत 'नल' लिहिलेलं. आणि खरं सांगतो, हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. आमच्या हिशेबात 'निल' म्हणजे शून्य. मला वाटलं, नल म्हणजे निलच, यांचं काही देणं नाही! पस्तीस वर्षं ताळेबंद जुळवले आणि नलला निल समजून फसलो.

म्हणजे ज्यांनी थोडं तरी भरलं ते यादीत, आणि ज्यांनी काहीच भरलं नाही ते साव. असं का?

कोकणकडा | रविवार, रात्री ९:३५

काका, माफी मागतो. ही माझी चूक. धाग्यावर पहिलाच प्रतिसाद लिंबूटिंबूचा आहे. तिनं नेमकं हेच विचारलं होतं आणि आम्ही सगळे हॅविंगवरून हुज्जत घालत बसलो.

एकही ओळ सापडली नाही तर सम शून्य देत नाही, नल देतो. नल म्हणजे 'माहीत नाही'. देयकांची बेरीज, समजा १,०८,०००, उणे 'माहीत नाही' बरोबर 'माहीत नाही'. मग व्हेअर विचारतो: 'माहीत नाही' हे पाच हजारांपेक्षा मोठं आहे का? उत्तर होही नाही आणि नाहीही नाही. आणि व्हेअर फक्त स्पष्ट 'हो' वाल्यांना आत घेतो. उलटी अट, म्हणजे 'थकबाकी <= ५०००', लावली असतीत तरी ते गाळे आले नसते. दोन्ही याद्यांत नाहीत!

औषध कोअलेस, तो नल आला की त्याजागी स्वल्पविरामानंतरचा आकडा देतो:

कोअलेस((सिलेक्ट सम(ज.रक्कम) फ्रॉम जमा ज व्हेअर ज.सभासद = स.क्र), ०)

तो सबक्वेरीच्या पूर्ण कंसाबाहेर लावा. पुष्कळ जण समच्या आत लावतात, सम(कोअलेस(ज.रक्कम, ०)) असं. त्याचा इथे उपयोग शून्य, कारण ओळच नसेल तर आतला कोअलेस चालणार कुणावर? देयकांच्या सबक्वेरीलाही तसाच लावा, एखाद्या नव्या सभासदाचं देयक अजून निघालं नसेल.

टोरांटोकर | सोमवार, पहाटे ५:२०

यात वाईट वाटून घेऊ नका काका, या खड्ड्यात मोठमोठे पडलेत. वोन किम यांनी १९८२ मध्ये सबक्वेऱ्यांचे जॉइन करून वेग वाढवायची पद्धत मांडली. पुढे लक्षात आलं की आत काउंट (ओळींची मोजणी) असेल तर ज्यांच्या ओळी शून्य आहेत ते निकालातून गायब होतात. काउंट बग या नावानं तो प्रसिद्ध आहे. तुमच्या गाळ्यांचेच सख्खे चुलतभाऊ.

गंमत म्हणजे काउंट स्वतः शून्य देतो, सम मात्र नल. म्हणून 'किती पावत्या' विचारलं असतंत तर गाळे लगेच ० म्हणून दिसले असते.

शेवंती | सोमवार, सकाळी ८:१५

आणि मी जो 'आधी ग्रुप बाय, मग जोडा' सल्ला दिला होता, त्यातही हे गाळे निसटले असते. साधा जॉइन घेतला तर जमामध्ये नसलेला सभासद तिथेच गळतो. लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलातलं कुणीही न गाळणारा) घ्यायला हवा, वर कोअलेस हवाच. आणि लेफ्ट जॉइन करून खाली व्हेअरमध्ये 'ज.तारीख >= ...' अशी उजवीकडच्या टेबलावर अट घातली की तो मुकाट साधा जॉइन होऊन बसतो. ती अट ऑनमध्ये (टेबलं जोडायच्या अटीत) घालायची. मी लिहायला हवं होतं, राहिलं.

लिंबूटिंबू, तू काय करतेस ग?

लिंबूटिंबू | सोमवार, दुपारी १:०५

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे ताई. सरांनी नल शिकवला नव्हता, मी चुकून रिकाम्या टेबलावर सम लावून बघितला होता म्हणून विचारलं.

अर्धाकप | सोमवार, दुपारी १:२०

या धाग्यावर आम्ही सगळे अनुभवी होतो आणि प्रश्न कळला एकटीला. मी माझं हॅविंग मागे घेतो. (नाही घेत. चालतंच ते.)

मानद_खजिनदार | सोमवार, रात्री ९:००

दोन्हीकडे कोअलेस लावला. आता २६ नावं. तीन गाळे थेट पहिल्या तीन क्रमांकांवर, प्रत्येकी १,०८,०००. नवी गाडीवाले चौथ्यावर उतरले, आणि सौ.नं ते त्यांच्या मिसेसना फोन करून कळवलंही.

सुधारित यादी फलकावर लावली, खाली 'आधीच्या यादीत खजिनदारांची चूक होती' असं सहीनिशी लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आज सकाळी ५,२०० चा चेक आणून दिला, आणि उभ्या उभ्या विचारलं, 'आता नल नाही ना कुठे?' भाच्याला इंडेक्सचं विचारलं. देयकेवर आहे, जमावर नव्हता, आता घातलाय. लिंबूटिंबू, पुण्याच्या आसपास असशील तर चहाला ये.

चकलीचा_काटा | सोमवार, रात्री ९:१२

आणि गाळेवाले काय म्हणाले?

मानद_खजिनदार | सोमवार, रात्री ९:२५

दोघांनी नोटीस घेतली. तिसरा म्हणतो, 'नळाला पाणी येत नाही तर पैसे कसले?' आता हा नळ कोणत्या कोअलेसनं दुरुस्त करू ते सांगा.